मोटारशर्यतीच्या मैदानावरची वैद्यकीय व्यवस्था: खान्देशातल्या आयोजकांचे आणि प्रेक्षकांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी उलटली, मका-कापूस निघाला, रानं मोकळी झाली की खान्देशात मैदानं भरायला लागतात. कुठे मातीच्या ट्रॅकवर बाइक, कुठे जीपची ऑटोक्रॉस, कुठे ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी नेण्याची स्पर्धा. पत्रिकेवर बक्षिसाचे आकडे मोठे, पाहुण्यांची यादी त्याहून मोठी, आणि अगदी तळाला एक ओळ: 'ॲम्ब्युलन्सची सोय केलेली आहे.' त्या ओळीत काय काय बसायला हवं, ते इथे लिहिलंय. प्रश्न मंडळांचे, स्वयंसेवकांचे, रायडरच्या घरच्यांचे आहेत. उत्तरं आकस्मिक विभागात काम करणाऱ्या डॉक्टरची आहेत, त्यामुळे सूर कुठे कुठे कडक लागेल.

शर्यतीला ॲम्ब्युलन्स किती लागतात?

संख्येच्या आधी दुसरा प्रश्न विचारा: पहिली गाडी पेशंट घेऊन गेली, तर मैदानावर मागे काय उरतं? उत्तर 'काही नाही' असेल, तर ती गाडी निघाली की शर्यतही थांबली पाहिजे. म्हणून ट्रॅकसाठी किमान दोन आणि प्रेक्षकांसाठी वेगळी एक, यापेक्षा खाली मी येत नाही. ट्रॅक लांब असेल, किंवा रॅलीसारखा गावागावांतून जाणारा मार्ग असेल, तर प्रत्येक टप्प्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

ट्रॅकवरच्या दोनपैकी एक तरी पूर्ण सुसज्ज हवी. म्हणजे मॉनिटर, हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर, तोंडातलं रक्त-उलटी ओढून घेणारं सक्शन, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, श्वासनलिकेत नळी घालायचं सामान, आणि हे सगळं हाताळता येणारा माणूस. आपल्याकडे स्ट्रेचर टाकून वर दिवा लावलेल्या व्हॅनलाही ॲम्ब्युलन्सच म्हणतात. सकाळी गाडी आली की हार-नारळाच्या आधी ऑक्सिजनचा सिलिंडर उघडून काटा बघा, सक्शन चालू करून बघा, डिफिब्रिलेटरची बॅटरी बघा. गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून उभी करा. आणि ड्रायव्हर! अंतिम फेरीला ड्रायव्हर किल्ली खिशात घालून गर्दीत शर्यत बघायला गेलेला असतो. त्याला गाडी सोडायची नाही हे सांगा आणि तिथेच जेवण-पाणी पोचवा.

१०८ आहे की. ती बोलावली की येते, मग पैसे कशाला घालवायचे?

१०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, गाडीत डॉक्टर असतो, आणि तिने खान्देशात पुष्कळ जीव वाचवलेत. पण ती तालुक्याची गाडी आहे. तुमच्या मैदानावर ती दिवसभर उभी राहिली, तर त्या वेळी पाड्यावरची बाळंतीण किंवा महामार्गावरचा अपघात कुणी बघायचा? शर्यत हा ठरवून घेतलेला धोका आहे. त्याची सोयही ठरवून, आपल्या खर्चाने केली पाहिजे. १०८ ला आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना तारीख, ठिकाण, अंदाजे गर्दी लेखी कळवून ठेवा. मोठं काही घडलं तर मागची फळी म्हणून ती लागतेच.

डॉक्टर कोण हवा? आमच्या गावचे डॉक्टर येतो म्हणालेत.

येऊ द्या, त्यांची मदत सोन्यासारखी आहे, विशेषतः प्रेक्षकांच्या मदत केंद्रावर. ट्रॅकवर मात्र असा डॉक्टर हवा ज्याचा हात अपघाताच्या पेशंटवर बसलेला आहे: आकस्मिक विभागातला, भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक किंवा अस्थिरोगतज्ज्ञ. तोंडात रक्त आणि माती, जबडा मोडलेला, अशा माणसाचा श्वासमार्ग मोकळा ठेवणं ही भूलतज्ज्ञाची रोजची कामगिरी. त्यामुळे एकच तज्ज्ञ परवडत असेल तर मी भूलतज्ज्ञ मागेन.

सगळ्यांवर एक मुख्य वैद्यकीय अधिकारी नेमा. त्याने स्वतः पेशंटला हात लावायचा नाही. मंडपात पाहुण्यांशेजारीही बसायचं नाही. जागा एकच: शर्यत नियंत्रित करणाऱ्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून.

शर्यत थांबवायचा अधिकार कुणाचा?

खरा प्रश्न हाच आहे. नियंत्रकाचा आणि मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा. पण वैद्यकीय अधिकारी 'थांबवा' म्हणाला तर त्यावर चर्चा नाही. प्रायोजकाची नाही, आमदारसाहेबांची तर नाहीच.

जगातल्या सगळ्यात श्रीमंत शर्यतीतही हेच चालतं. ऑक्टोबर २०२० मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला फॉर्म्युला वनचा शुक्रवारचा पूर्ण सराव रद्द झाला. गाड्या तयार होत्या, ड्रायव्हर तयार होते. धुक्यामुळे वैद्यकीय हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं, एवढंच कारण. २०१७ मध्ये शांघायला हेलिकॉप्टर रुग्णालयापाशी उतरू शकत नव्हतं, तेव्हाही सराव असाच थांबवावा लागला. रुग्णालयापर्यंतचा मार्ग बंद म्हणजे ट्रॅक बंद.

ही शिस्त फुकट आलेली नाही. १९७८ साली इटलीत मोन्झाला शर्यत सुरू होताच गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि ड्रायव्हर रॉनी पीटरसनचे पाय जबर मोडले. त्या वर्षीच फॉर्म्युला वनचे डॉक्टर झालेले न्यूरोसर्जन सिड वॉटकिन्स धावत निघाले, तर पोलिसांच्या कड्याने त्यांनाच अडवलं. ॲम्ब्युलन्स यायलाही बराच वेळ गेला. मोडलेल्या हाडांतली चरबी रक्तात मिसळून पीटरसन दुसऱ्या दिवशी वारला. त्यानंतर वॉटकिन्सनी हट्ट धरला: पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांच्या मागे डॉक्टरची गाडी धावलीच पाहिजे. २०२० मध्ये बहरीनला रोमँ ग्रोजाँची गाडी पहिल्याच फेरीत कठड्यात घुसून पेटली. डॉक्टर काही सेकंदांत तिथे होते, कारण त्यांची गाडी मागोमागच येत होती. ग्रोजाँ स्वतःच्या पायांनी आगीतून बाहेर आला.

आपल्या मैदानावर हेलिकॉप्टर नाही. मग नियम सोपा होतो. सुसज्ज गाडी मैदानात नाही, किंवा तिचा रस्ता मोकळा नाही, तर स्टार्टरने झेंडा उचलायचा नाही. हे रायडरच्या बैठकीत सकाळीच सांगून टाका, आणि माइकवाल्यालाही सांगा. नाहीतर गर्दी 'चालू करा, चालू करा' ओरडायला लागली की मंडळाचा धीर सुटतो.

जागा निवडताना वैद्यकीय बाजूने काय बघायचं?

काळी माती. बाहेरून आलेली आयोजक मंडळी इथेच फसतात. कोरडी असताना धुळीचा लोट, आणि अवकाळीची एक सर पडली की तीच माती चाकाला धरते आणि दोन टनांची गाडी जागच्या जागी रुतते. ॲम्ब्युलन्सच्या मार्गावर मुरूम टाकून दाबून घ्या. तो मार्ग ट्रॅकला ओलांडत नाही ना, पार्किंगमधून जात नाही ना, ते बघा. ओढायला एक ट्रॅक्टर चालकासह राखून ठेवा. तो स्पर्धेतला नको, वेगळा.

आदल्या दिवशी संध्याकाळी रिकामी ॲम्ब्युलन्स ट्रॅकच्या सगळ्यात लांबच्या वळणापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत चालवून बघा. रेल्वे फाटक, आठवडी बाजार, केळीच्या ट्रकची रांग, साखर कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर, हे नकाशावर दिसत नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात हंगामात गाडी कुठे अडकेल हे गावातल्या रिक्षावाल्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्याला विचारा.

रायडर पडला. आम्ही स्वयंसेवक जवळ उभे आहोत. धावत जाऊ का?

नाही. आधी झेंडा, मग माणूस. मागून येणाऱ्या बाइकला पिवळा झेंडा दिसल्याशिवाय ट्रॅकवर पाय टाकायचा नाही. रायडर हलत नसेल तर लाल झेंडा दाखवून शर्यतच थांबते. जळगावच्या रथोत्सवात रथाच्या चाकाला मोगरी लावणारी माणसं असतात ना? रथाला हात लावायला सगळं गाव असतं, पण चाकाजवळ फक्त तीच जातात, आणि त्यांनी इशारा केला की बाकीच्यांनी ऐकायचं. ट्रॅकवर झेंडे दाखवणाऱ्या मार्शलचं तसंच आहे.

पोचल्यावर: बाइक बाजूला, इंजिन बंद, पेट्रोल सांडलंय का बघा. रायडरला उठवून बसवू नका. चार जणांनी हातपाय धरून 'उचला रे' हे तर अजिबात नको. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी हेल्मेटसह डोकं स्थिर धरायचं आणि बोलत राहायचं. दुसऱ्याने बघायचं: भळाभळा रक्त जातंय का, श्वास चालू आहे का, उत्तर देतोय का. याच क्रमाने. वैद्यकीय पथक येईपर्यंत एवढं पुरे. पाणी पाजू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं, आणि शुद्धीवर असला तरी तासाभरात ऑपरेशनची भूल द्यावी लागू शकते.

हेल्मेट काढायचं की नाही?

शुद्धीत आहे, बोलतोय, श्वास नीट आहे: पथक येईपर्यंत काच वर करा, हेल्मेट राहू द्या. श्वास नाही, किंवा घरघर येतेय आणि उलटीने तोंड भरलंय: काढावंच लागतं. मानेच्या भीतीने श्वास कोंडू द्यायचा नाही. हेल्मेट दोघांनी काढायचं. एक जण खालून जबडा आणि मानेचा मागचा भाग धरतो, दुसरा पट्टा कापून हेल्मेट बाजूंनी फाकवत हळू ओढतो. शर्यतीच्या बऱ्याच हेल्मेटांत गालाच्या गाद्या लाल पट्टीने ओढून आधी काढता येतात. हे वाचून येत नाही. आदल्या दिवशी पाच-सहा पोरांवर प्रत्यक्ष करून बघा.

लाकडी फळीवर बांधूनच न्यायचं ना?

कडक बोर्ड उचलून बाहेर काढण्यापुरता. त्यावर तासभर बांधून ठेवलं तर पाठ दुखते, कातडी दबते. लांब न्यायचं असेल तर दोन भागांत उघडणारं स्कूप स्ट्रेचर किंवा हवा काढून घट्ट होणारी व्हॅक्यूम गादी बरी.

पोरगा लगेच उठला, 'काही झालं नाही' म्हणतोय. पुढच्या फेरीत सोडू का?

डोकं आपटलं असेल आणि त्यानंतर गोंधळलेला, डोकं दुखणारा, चक्कर किंवा मळमळ असलेला, तोल जाणारा, 'कुठली फेरी चालू आहे?' याचं उत्तर न देता येणारा असेल, तर त्या दिवशी त्याची शर्यत संपली. बेशुद्ध पडायलाच हवं असं नाही. मेंदू हादरल्याची बहुतेक पोरं बेशुद्ध झालेलीच नसतात. त्याच दिवशी दुसरा मार बसला तर नुकसान कितीतरी वाढतं, आणि हादरलेला मेंदू वळणावर अंदाज चुकवतो, म्हणजे दुसऱ्यालाही पाडतो.

वाद घालणारे बहुतेक वेळा रायडर नसतात, वडील किंवा काका असतात. 'एवढा खर्च केलाय डॉक्टर, एक फेरी तर राहिली.' त्यांच्याशी मंडळाच्या अध्यक्षांनी बोलावं; पांढऱ्या कोटाने बोललं की इरेला पेटतात. घरी गेल्यावर रात्री कुणीतरी सोबत हवं. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपेतून नीट न उठणं, एका बाजूचा हात-पाय जड वाटणं, यातलं एकही दिसलं तर थेट सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात.

हँडल पोटात घुसलं, वरून फक्त गोल वळ दिसतोय.

हा वळ मला जखमेपेक्षा जास्त घाबरवतो. यकृत किंवा प्लीहा फाटून आत रक्त साचत असतं आणि पोरगा तासभर बसून गप्पा मारतो. मग एकदम पांढराफटक पडतो. नाडी वाढत चालली असेल, खांद्यात दुखायला लागलं असेल, पोट कडक होत असेल, तर सोनोग्राफी आणि शल्यचिकित्सक जिथे आहेत तिथे लगेच.

रक्त थांबतच नाही. पंचाने करकचून बांधू?

आधी स्वच्छ कापडाने जखमेवर थेट दाब, तोही सगळा जोर लावून. दर मिनिटाला उचलून 'थांबलं का' बघायचं नाही. हातापायातून रक्त उसळतच असेल तर जखमेच्या वर टूर्निके, म्हणजे पिळून घट्ट करायचा पट्टा, लावा आणि लावल्याची वेळ मार्करने कपाळावर किंवा टूर्निकेवर लिहा. बारीक दोरी किंवा चप्पलचा पट्टा बांधू नका, ते कातडीत रुततं आणि रक्त थांबतही नाही. रुंद पट्टा आणि पिळायला काठी हवी. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड डॉक्टरजवळ असलंच पाहिजे. ते अपघातानंतर तीन तासांच्या आत द्यायचं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. महागडं औषध नाही, त्यामुळे 'नव्हतं' हे कारण चालणार नाही.

प्रेक्षकांसाठी वेगळं पथक खरंच लागतं?

लागतं, आणि दिवसभरात जास्त पेशंट त्यांच्याकडेच येतात. चक्कर, उलट्या, धुळीने उठलेला दमा, काटेरी तारेने फाटलेला हात, मचाणावरून उतरताना मुरगळलेला पाय, हरवलेलं पोर. या सगळ्यात एखादा छातीत दुखणारा आप्पा असतो, जो 'पित्त झालंय' म्हणत बसून राहिलेला असतो. घाम फुटलाय, हात किंवा जबडा दुखतोय, तर ईसीजी काढल्याशिवाय त्याला सोड्यावर बोळवू नका.

नंदुरबारकडच्या, म्हणजे अक्कलकुवा-धडगाव-तळोद्याच्या आयोजकांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी: सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार बराच आहे. ऊन, दगदग, पाणी कमी पडणं याने अंग जखडून टाकणारी कळ सुटते. असा पोरगा जमिनीवर लोळत असेल तर लोक 'प्यालाय' म्हणून बाजूला करतात. त्याच्याकडे तपासणीचं कार्ड आहे का विचारा, सावलीत घ्या, ऑक्सिजनची पातळी बघा, पाणी आणि वेदनाशामक द्या. ताप, दम किंवा छातीत दुखणं असेल तर रुग्णालय.

उन्हाळ्यात शर्यत ठेवली तर?

ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो, आणि रायडर चामड्याच्या सूटमध्ये. हिवाळ्यातसुद्धा दुपारी एकचं ऊन खान्देशचंच असतं.

तरी उष्माघात झालाच तर ओळखायचं असं: अंग तापलेलं, आणि माणूस बरळतोय, झोक जातोय किंवा बेशुद्ध आहे. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. धावपळ केलेल्या माणसात तो असतोच बऱ्याचदा. इथे क्रम उलटा आहे: आधी गार करा, मग हलवा. ताडपत्रीवर झोपवा, चार जणांनी कडा उचलून खोलगट करा, त्यात बर्फाचं पाणी ओता आणि हलवत राहा. सरबताच्या गाडीवाल्याचा बर्फ सकाळीच सांगून ठेवा. पॅरासिटामॉल इथे कामाचं नाही.

माणूस एकदम कोसळला, श्वास नाही.

छाती दाबायला सुरुवात करा. छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. शिकलेले असाल तर ३० दाबांमागे २ श्वास, नसाल तर नुसतं दाबत राहा. आचके देत घेतलेले श्वास हे श्वास नव्हेत. कांदा हुंगवणं, बूट हुंगवणं यात मिनिटं जातात. प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून एईडी, म्हणजे कुणालाही वापरता येणारं झटका द्यायचं यंत्र, पाहुण्यांच्या मंडपात नको, गर्दीच्या मध्यावर ठेवा आणि उंच बांबूला फलक लावा.

गर्दी किती झाली की धोका समजायचा?

चौरस मीटरला चार-पाच माणसांच्या वर गेलं की माणूस स्वतःच्या मर्जीने हलत नाही, गर्दी त्याला हलवते. चेंगराचेंगरीत बहुतेक जण तुडवले जाऊन मरत नाहीत. छातीवर चहूबाजूंनी दाब येऊन श्वासच घेता येत नाही. माइकवाल्याला मंचावरून गर्दीची लाट दिसते. त्याने ती नियंत्रकाला कळवायची, 'मागच्यांनी मागे सरका' म्हणायचं. त्याचं हे काम कॉमेंट्रीपेक्षा महत्त्वाचं आहे.

ट्रॅक आणि प्रेक्षक यांच्यात अंतर हवं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, उडीच्या समोर कुणीच नको, कारण सुटलेली गाडी तिकडेच जाते. १९५५ साली फ्रान्समध्ये ल माँला अपघातग्रस्त गाडीचे तुकडे प्रेक्षकांत घुसले आणि ८० पेक्षा जास्त माणसं गेली. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या बंद केलेल्या मार्गावर एक कुटुंब मोटारसायकलवरून आलं आणि तिघं दगावली. शेतातल्या वाटा, पाणंद, बांधावरची पायवाट, प्रत्येक तोंडाला माणूस उभा करा. दोरी बांधून भागत नाही. मंडळी दोरीखालून वाकून येतात, तेही हातात भेळ घेऊन.

ल माँची ती शर्यत मात्र चालूच ठेवली होती. थांबवली तर लाखोंची गर्दी एकदम रस्त्यावर येईल आणि ॲम्ब्युलन्स अडकतील, असं आयोजकांनी तेव्हा सांगितलं. मला तो निर्णय पटत नाही, पण त्यातली भीती खरी आहे. म्हणून शर्यत थांबवताना लोकांना घरी धाडू नका. जागेवर बसवून ठेवा, माइकवरून बोलत राहा.

मचाण कोसळलं, एकदम वीसेक जखमी. आता?

जो सगळ्यात मोठ्याने ओरडतोय त्याच्याकडे सगळे धावतात. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, हे लक्षात घ्या. भोंग्यावरून सांगा: ज्यांना चालता येतं त्यांनी पाण्याच्या टँकरजवळ या. ते हिरवे, म्हणजे थांबू शकणारे. उरलेल्यांकडे क्रमाने जा, एकेकाला अर्ध्या-एक मिनिटापेक्षा जास्त देऊ नका. श्वास मिनिटाला ३० च्या वर, मनगटाची नाडी लागत नाही, किंवा 'हात दाब' म्हटलेलं कळत नाही, यातलं एक जरी असलं तरी लाल, म्हणजे सगळ्यात आधी न्यायचा. तिन्ही ठीक पण उठता येत नाही तो पिवळा. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही तो काळा, आणि त्याला तिथेच ठेवून पुढे जावं लागतं. आमच्या कामातलं सगळ्यात अवघड तेच.

रंगीत फिती नसतील तर कपाळावर मार्करने रंगाचं पहिलं अक्षर लिहा. आणि पहिली गाडी पहिल्या दिसलेल्या पेशंटला घेऊन पळू देऊ नका. हिरवे लोक आपापल्या जीपने आधी सिव्हिलला पोचले की लाल पेशंटला खाट उरत नाही.

आग आणि भाजणं?

रायडर गाड्यांत पेट्रोल भरतात तिथे इंजिन बंद, बिडी-सिगारेट बंद, अग्निशामक हाताशी. आणखी एक खास आपला धोका म्हणजे भरीत. हिवाळी मैदान म्हटलं की काट्याकुट्या पेटवून वांगी भाजणं आलंच. त्याला माझा विरोध नाही, मीही रांगेत असतो. फक्त ते वाऱ्याच्या दिशेने खाली आणि इंधनापासून लांब असू द्या. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई नको. डॉक्टरला मग जखम किती खोल ते दिसत नाही.

ऐन वेळी मोबाइल लागत नाही.

लागणारच नाही. हजारो लोक एकाच टॉवरवरून व्हिडिओ सोडत असतात. वॉकीटॉकी घ्या, वैद्यकीय पथकाला वेगळी वाहिनी द्या. ट्रॅकला खांबाखांबावर क्रमांक टाका. 'आबांच्या विहिरीजवळ पडलाय' हे बाहेरून आलेल्या ड्रायव्हरला कळत नाही, 'खांब १४' कळतं.

पेशंट कुठे न्यायचा?

जवळचं ते नेहमी योग्य नव्हे. डोक्याला मार असेल तर सीटी आणि न्यूरोसर्जन कुठे, त्या रात्री ते गावात आहेत का, हे आधी फोन करून लिहून ठेवा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यापुढे गरज लागली तर नाशिक, सुरत किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. चाळीसगावहून घाटीला जायचं तर मध्ये कन्नडचा घाट आहे, आणि तिथे वाहतूक कधी तुंबेल सांगता येत नाही. अशा प्रवासाला निघण्याआधी श्वासमार्ग, रक्तस्राव आणि मोडलेलं हाड सांभाळून झालेलं असावं. रक्तपेढीलाही तारीख कळवा.

पेशंट घाबरलेला, डॉक्टर बाहेरचा. बोलायचं कसं?

त्याच्या बोलीत. 'कोठे दुखी राहिनं, भाऊ? दम लागी राहिना का?' असं कुणी विचारलं की पोरगं लगेच खरं सांगतं. प्रत्येक पथकात अहिराणी येणारा एक जण ठेवा, सातपुड्याकडे पावरी-भिलोरी येणारा.

मदत केली तर पोलीस केसमध्ये अडकू का?

नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायची सक्तीही नाही. आणि आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. रुग्णालय 'पोलीस आल्याशिवाय हात लावत नाही' म्हणू शकत नाही.

आयोजकांची गोष्ट वेगळी. सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या संमतीशिवाय शर्यत लावणं कलम १८९ खाली गुन्हा आहे. जिल्हाधिकारी, पोलीस, अग्निशमन यांच्या परवानग्या घ्या. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाची परवानगी घेतली तर वैद्यकीय तयारीचे नियमही आपसूक पाळावे लागतात, म्हणून मी तिचा आग्रह धरतो.

जखमीचा व्हिडिओ काढणाऱ्यांचं काय करायचं?

चार स्वयंसेवक, दोन चादरी, आडोसा. वाद घालत बसू नका.

बक्षीस वाटप झालं. पथक सोडू का?

आत्ता नाही. अंधार पडतोय, मैदानातून महामार्गाला लागणारी वाट एकच, धुळीत समोरचं दिसत नाही, आणि दिवसभर उड्या बघितलेली पोरं ट्रिपल सीट, हेल्मेटशिवाय, तसंच वळण मारायला निघालीत. त्या वेळी एक ॲम्ब्युलन्स पार्किंगच्या तोंडाशी आणि एक महामार्गाच्या फाट्यावर उभी करा, फाट्यावर पोलीस मागून घ्या, आणि गाड्या तुकड्यातुकड्याने सोडा. पार्किंगमध्ये शेवटची गाडी उरेपर्यंत पथकाचे पैसे भरलेले असू द्या. करारात वेळ 'बक्षीस वाटपापर्यंत' अशी लिहिलेली असते, ती आधीच बदलून घ्या.